दार नसलेल्या गावातील राखण : सौर ऊर्जेवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा एक अभ्यास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यात, नगर-संभाजीनगर महामार्गावरील घोडेगावपासून आत गेले की शनिशिंगणापूर लागते. या गावाविषयी लोक कौतुकाने सांगतात की येथे देव आहे पण देऊळ नाही, झाड आहे पण सावली नाही, घर आहे पण दार नाही. देव म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा. तिच्यावर छप्पर नाही, तिच्याभोवती भिंत नाही. घरांना चौकटी आहेत, पण त्यांत कवाडे नाहीत. कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून कोणी फळी टेकवतो, कोणी पडदा लावतो, इतकेच. चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो, ही त्यामागची श्रद्धा.

प्रस्तुत लेखासाठी आम्ही हे गाव निवडले ते श्रद्धेची चर्चा करण्यासाठी नव्हे. विज्ञानाच्या तासाला सौर ऊर्जेचे गणित शिकवताना विद्यार्थ्यांपुढे एक खरे ठिकाण आणि एक खरी गरज असावी लागते, अन्यथा गणित फळ्यावरच राहते. जेथे कुलूपही नको म्हणतात तेथे कॅमेरा कशाला हवा, हा प्रश्न विद्यार्थीच प्रथम विचारतात, आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या घडामोडींत आहे. २०१० साली दर्शनाला आलेल्या एका परप्रांतीय भाविकाने आपल्या वाहनातून रोकड व वस्तू चोरीस गेल्याची तक्रार नोंदवली आणि देशभरच्या वृत्तपत्रांना त्या चोरीची नवलाई वाटली. पाठोपाठ जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने या गावात बिनकुलपाची शाखा उघडली, तीही बातमी झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात स्वतंत्र पोलीस ठाणे सुरू झाले. गावाची श्रद्धा आहे तेथेच आहे. बदलली ती वर्दळ. शनिवारी आणि विशेषतः शनि अमावास्येला येथे जी गर्दी लोटते, तिच्यातील प्रत्येकाला गावाची रीत ठाऊक असेलच असे नाही. शिवाय ती रीत घराच्या उंबऱ्याची आहे. गावाबाहेरच्या शिवारात, विहिरीवरच्या मोटारीला आणि तांब्याच्या केबलला ती कितपत लागू पडते, हे नगर जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. विहिरीवरची केबल रात्रीत कापून नेणे, ती जाळून तांबे काढणे आणि भंगारात घालणे, हा प्रकार आपल्या ग्रामीण भागाला नवा नाही. केबल गेली की ऐन पाण्याच्या पाळीत पिके वाळतात. हानी केबलच्या किमतीहून कितीतरी मोठी असते.

म्हणून आम्ही अभ्यासासाठी असे स्थळ कल्पिले : शिंगणापूरच्या शिवारातील एक विहीर, वस्तीपासून दूर. विहिरीवर शेतीपंपाची थ्री-फेज लाईन आहे, पण ती ठरलेल्या तासांपुरती, आणि काही दिवस रात्रपाळीत. ज्या वेळी वीज नसते त्याच वेळी केबल कापणे सोपे असते. थोडक्यात, ज्या घटकेला कॅमेरा जागा हवा त्याच घटकेला लाईन झोपलेली असते. या एका कारणासाठी सौर पॅनेल व बॅटरी यांचा विचार करावा लागतो. हौस म्हणून नव्हे.

आता गणित. बाजारात मिळणारा, सिमकार्डावर चालणारा मध्यम प्रतीचा कॅमेरा दिवसा साधारण ३ वॅट वीज घेतो. रात्री त्याचे अवरक्त दिवे लागतात, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ते समोर टाकतात, आणि वापर ६ वॅटपर्यंत चढतो. दिवस-रात्र बारा-बारा तासांची धरली तर ३६ आणि ७२ मिळून १०८ वॅट-तास होतात. तारांत, कंट्रोलरमध्ये आणि बॅटरीत वाया जाणाऱ्या ऊर्जेसाठी पंधरा टक्के वाढवले की दिवसाला सुमारे १२५ वॅट-तास. ज्यांच्या हाती निराळा कॅमेरा असेल त्यांनी त्याच्या पाठीवर लिहिलेले आकडे घ्यावेत. रीत तीच राहते. मात्र पाठीवरचा आकडा बहुधा कमाल वापराचा असतो. शक्य असेल तर साधा मल्टिमीटर लावून प्रत्यक्ष प्रवाह दिवसा एकदा आणि अंधारात एकदा मोजावा.

येथे विद्यार्थी हटकून एक चूक करतात. ते म्हणतात, १२५ वॅट-तास हवेत, दिवसाला पाच तास चांगले ऊन मिळते, तेव्हा २५ वॅटचे पॅनेल पुरे. ‘पाच तास’ हे शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. सूर्य बारा तास वर असतो, परंतु सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन दुबळे असते. दर चौरस मीटरला १००० वॅट इतके भरगच्च ऊन किती तास पडले असते तर दिवसभराची बेरीज तेवढी झाली असती, असा तो हिशेबी आकडा आहे. महाराष्ट्राच्या पठारावर वर्षाची सरासरी पाचाच्या थोडी वरच पडते. परंतु पॅनेलवर छापलेले वॅट हे प्रयोगशाळेतील २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात नेवाशाच्या उन्हात पॅनेलचे अंग ६५ अंशांपर्यंत तापते, आणि तापमान अंशाने वाढले की सुमारे ०.४ टक्का शक्ती घटते. म्हणजे चाळीस अंशांना सोळा टक्के गेले. त्यावर धूळ, तारा, बॅटरीत भरताना होणारी घट. सर्व धरून आम्ही छापील आकड्याचा ०.७ भागच खरा मानतो. २५ वॅटचे पॅनेल उत्तम दिवशी ८७ वॅट-तास देईल आणि कॅमेरा दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे बंद पडेल.

मग ४० वॅटचे? ४० गुणिले ५ गुणिले ०.७ म्हणजे १४० वॅट-तास. खर्च १२५. हिशेब जमला असे वाटते, आणि आठ महिने तो जमतोही. फसगत होते ती श्रावणात. सलग तीन दिवस झड लागली आणि पॅनेलकडून जवळजवळ काहीच आले नाही असे समजू. बॅटरीतून ३७५ वॅट-तास गेले. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडले तरी रोजची शिल्लक अवघी १५. तूट भरून यायला पंचवीस दिवस लागतील, आणि पावसाळ्यात पंचवीस दिवस लागोपाठ लख्ख ऊन कोण देणार? याउलट १०० वॅटचे पॅनेल चांगल्या दिवशी ३५० वॅट-तास देते, २२५ शिल्लक राहतात आणि तूट दोन दिवसांच्या आत भरते. इतकेच नव्हे, ढगाळ दिवशी दीडच तासाचे ऊन मिळाले तरी ते १०५ वॅट-तास आणते, म्हणजे रोजचा खर्च जवळपास भागतो. पॅनेलचा आकार सरासरी दिवसावरून ठरवू नये. वाईट आठवड्यानंतर सावरायला किती दिवस लागतील यावरून ठरवावा. या पाठातील सर्वांत उपयोगी गोष्ट आम्हांला हीच वाटते.

बॅटरीचे गणित त्यामानाने सरळ आहे. तीन अंधाऱ्या दिवसांचे ३७५ वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरावी, म्हणून ३७५ भागिले ०.८ म्हणजे सुमारे ४७०. तिचा दाब १२.८ व्होल्ट असल्याने ३७ अँपिअर-तास हवेत. ४० ची घ्यावी. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर भागवायचे असेल तर ती निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे साठ-पासष्ट अँपिअर-तासांची लागते, आणि ती वजनाने भारी. बॅटरीची पेटी पॅनेलच्या सावलीत, खांबाच्या उत्तर अंगाला बांधावी. आपल्याकडे थंडीची नव्हे, उष्णतेची धास्ती आहे. पेटीला वायुविजनाची भोके हवीत आणि त्या भोकांना बारीक जाळी हवी, नाहीतर मुंग्या आणि पाली आत संसार थाटतात.

या ठिकाणी एक खुलासा. कॅमेऱ्यांसोबत येणाऱ्या परदेशी माहितीपत्रकांत हिवाळा हा कठीण काळ मानलेला असतो, कारण ते लिहिणारे लोक उत्तरेकडच्या लहान दिवसांचे. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो आणि आकाश निरभ्र असते. आपली परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये. त्यामुळे पॅनेलच्या कलाविषयीचा सल्लाही जसाच्या तसा घेता येत नाही. शनिशिंगणापूर उत्तर अक्षांश १९ अंश २३ मिनिटांच्या आसपास आहे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे १९ अंशांनी कलते ठेवावे, हा सर्वसाधारण नियम. पण मेच्या मध्यास एकदा आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा सूर्य येथे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण शाळेच्या मैदानात काठी रोवून जो पाहतो, तोच. त्या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. तेव्हा पावसाळ्याची चिंता असेल तर कल थोडा कमी, पंधरा अंशांपर्यंत, ठेवलेला बरा. त्याहून सपाट मात्र नको. सपाट पॅनेलवर पावसाचे पाणी धूळ वाहून नेत नाही, खालच्या कडेला चिखलाची रेघ धरते.

आणि आता सावली. शिंगणापूरच्या झाडाला सावली नाही असे म्हणतात. सौर पॅनेल लावणाऱ्याला तसेच झाड हवे असते. १०० वॅटच्या पॅनेलमध्ये बहुधा ३६ घट एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. एका घटावर सावली पडली की त्याची वहनक्षमता घटते, आणि पाण्याच्या नळीला एका जागी चिमटा घ्यावा तसा साऱ्या साखळीचा प्रवाह अडतो. हे टाळण्यासाठी आत डायोड बसवलेले असतात, ते अडलेला अर्धा भाग वगळून प्रवाहाला वाट देतात. परंतु अर्धा भाग वगळला म्हणजे अर्धी वीज गेलीच. कावळ्याची एक शिट किंवा लिंबाची एक डहाळी इतका परिणाम करू शकते, हे मुलांना खरे वाटत नाही. पॅनेलला व्होल्टमीटर व अँपिअरमीटर जोडून त्यावर पोस्टकार्ड ठेवून दाखवले की पटते. आमच्या मते सौर ऊर्जेच्या पाठात याहून स्वस्त आणि याहून लक्षात राहणारा प्रयोग नाही.

शिवारातील सावली निराळी असते, कारण ती वाढते. मुळा धरणाच्या पाण्याने या भागात ऊस उभा राहिला. लागणीच्या वेळी खांब मोकळ्या रानात दिसतो, वर्षभराने त्याच्या तिन्ही बाजूंना दहा-बारा फूट ऊस असतो. पॅनेल झाकले जात नसले तरी कॅमेऱ्याची नजर झाकली जाते, आणि पाते हलले की चाहूल ओळखणारी यंत्रणा रात्रभर खोटे इशारे देत राहते. तेव्हा खांब सोळा फुटांहून कमी घेऊ नये. तो पॅनेलसकट काँक्रीटमध्ये रोवावा आणि पॅनेलला साध्या पान्याने न खुलणारे नट लावावेत. राखणदारच चोरीला गेला, अशी वेळ येऊ शकते. पॅनेलला आणि बॅटरीलाही बाजारात गिऱ्हाईक आहे.

तारांविषयी एकच आकडेमोड देतो. पॅनेल वीस मीटरवर उन्हात आणि बॅटरी झोपडीत, अशी मांडणी अनेक जण करतात. जाऊन-येऊन चाळीस मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.७ ओहम. १०० वॅटचे पॅनेल भर उन्हात साडेपाच अँपिअर देते, म्हणजे पावणेचार व्होल्टहून अधिक दाब तारेतच संपला. १८ व्होल्टच्या पॅनेलमधून बॅटरीपर्यंत चौदाच पोहोचले, आणि उन्हाने पॅनेल तापले असेल तर तेवढेही नाहीत. पॅनेल, कंट्रोलर आणि बॅटरी एकाच खांबावर ठेवावी, हे उत्तम.

येथवर आलो की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो : छोट्याशा, तळहाताएवढ्या पॅनेलवर चालणारे कॅमेरेही दुकानात दिसतात, ते कसे? ते कॅमेरे बहुतेक वेळ झोपलेले असतात. उष्ण शरीराची हालचाल टिपणारा एक संवेदक तेवढा जागा असतो आणि तो सुमारे ०.१ वॅट घेतो, दिवसाला २.४ वॅट-तास. कोणी समोर आले की कॅमेरा उठतो, अर्धा मिनिट चित्र घेतो आणि पुन्हा झोपतो. दिवसात चाळीस वेळा उठला आणि तेवढा वेळ ५ वॅट घेतले, तर आणखी दीड-पावणेदोन. एकूण चार वॅट-तास. आधीच्या १२५ शी ताडून पाहावे. विहिरीसाठी, जेथे रात्री कोणी येणे हीच घटना असते, तेथे हा कॅमेरा पुरेसा आहे आणि आमची शिफारस त्याच्याच बाजूची आहे. परंतु हाच कॅमेरा देवस्थानाच्या वाहनतळावर शनि अमावास्येला लावला तर त्याला क्षणभर डोळा मिटता येणार नाही. चोवीस तास ५ वॅट, म्हणजे १२० वॅट-तास, आणि तळहाताएवढे पॅनेल दुपारपर्यंत हात टेकेल. यंत्र तेच, जागा बदलली की गणित तीसपट बदलते. म्हणून कॅमेरा कोणता हे ठरवण्याआधी त्याने काय पाहावे हे ठरवावे लागते.

चित्रांच्या साठवणुकीलाही हेच लागू आहे. सेकंदाला दहा लाख बिट या वेगाने अखंड चित्रण केले तर दिवसाला १०.८ गिगाबाइट होतात. १२८ गिगाबाइटचे कार्ड बारा दिवसांच्या आत भरते, आणि तेवढे सिमकार्डावरून पाठवत बसणे परवडणारे नाही; रेंज कमी असलेल्या शिवारात तर पाठवण्यात बॅटरीही अधिक जाते. चित्रण कार्डावर ठेवावे आणि मोबाइलवर केवळ इशारा व एखादे स्थिरचित्र यावे.

‘काय पाहावे’ या प्रश्नापाशी आम्ही थोडे अधिक थांबू इच्छितो, कारण शिंगणापुरातच त्याचे एक उदाहरण घडलेले आहे आणि ते सांगितल्याशिवाय हा पाठ आमच्या विद्यार्थ्यांपुढे अर्धाच राहील. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक महिला चौथऱ्यावर चढली आणि शिळेचे दर्शन घेऊन निघून गेली. त्या काळी चौथऱ्यावर महिलांना मज्जाव होता. कॅमेऱ्याने टिपलेली ती दृश्ये वाहिन्यांवरून दाखवली गेली. सुरक्षेवरचे सात कर्मचारी निलंबित झाले, शिळेचे शुद्धीकरण करण्यात आले. पुढे आंदोलन झाले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रार्थनास्थळी प्रवेशाचा हक्क देणारा १९५६ चा कायदा राज्यात आधीपासूनच होता. त्याची अंमलबजावणी करावी, असे न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी शासनास सांगितले, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा सर्वांना खुला झाला.

कॅमेऱ्याने त्या दिवशी आपले काम चोख केले होते. त्याच्यासमोर चोर नव्हता, नमस्कार करणारी एक बाई होती. यंत्राला त्यांतला भेद कळत नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराची दारे २ मार्च १९३० पासून ज्यांच्यासमोर बंद राहिली, त्यांची नातवंडे-पतवंडे आमच्या वर्गात बसतात. दार असणे आणि दार नसणे यापैकी कशानेच कोण आत जाणार हे ठरत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. घरांना कवाड नसलेल्या गावातही एका चौथऱ्याभोवती न दिसणारे दार होते, आणि कॅमेरा त्या दाराची राखण करीत होता.

निवासी शाळेला हा प्रश्न घरचाच आहे. कुंपण, फाटक, पाण्याची टाकी, स्वयंपाकघराचे कोठार येथे कॅमेरा असावा, याला आमची ना नाही. शयनगृहात, स्नानगृहाच्या वाटेवर, मुलींच्या खोल्यांच्या खिडक्यांकडे तोंड करून तो असू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरून त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हा नियम घातला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मुलांना विश्वासात घेऊन कॅमेरा कोठे आहे, तो काय पाहतो, चित्रण किती दिवस राहते आणि ते कोण उघडू शकतो, हे चार प्रश्न सूचनाफलकावर लिहून लावणे अवघड नाही. जो कॅमेरा उघडपणे सांगता येत नाही तो कोठे बसवू नये, असे आमचे मत आहे.

विहिरीवर कॅमेरा बसवून झाला की दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली, पॅनेलवर पोते टाकून तीन दिवस झाकून ठेवावे आणि तिसऱ्या रात्री कॅमेरा चालू आहे का ते पाहावे. श्रावणाची वाट पाहण्याचे कारण नाही. चौथ्या दिवशी पोते काढून बॅटरी भरायला किती दिवस लागतात ते वहीत लिहावे, आणि कागदावरच्या दोन दिवसांशी ताडून पाहावे. दुसरी चाचणी रात्रीच्या चित्रणाची. भिंगापुढे कोळ्याने जाळे विणले असेल तर अवरक्त प्रकाश त्यावरूनच परततो आणि सारे चित्र पांढरे दिसते. महिन्यातून एकदा मऊ फडक्याने ते पुसावे. त्याच वेळी चौकटीच्या चारही कडा नीट पाहून घ्याव्यात. मोटार, स्टार्टरची पेटी आणि केबल चौकटीत हवी. शेजारच्या वस्तीचे अंगण किंवा पहाटे बायकांची जायची पाऊलवाट तिच्यात येत असेल, तर खिळणीचा बोल्ट सैल करून कॅमेरा दोन बोटे आत वळवावा आणि बोल्ट पुन्हा आवळावा.